पाण्याची रेघ आणि पितळी डबा: गल्लीतल्या छोट्या संग्रहालयात लोकांचा कार्यक्रम कसा उभा करावा

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याचा पुढचा सोपा, त्याला लागून माजघर आणि मध्ये फरसबंद चौक, एवढंच आमचं संग्रहालय. तिकीट नाही, पगारी माणूस नाही. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी समोरच्या काकूंकडे. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही कार्यक्रमाचं यश खुर्च्यांवर मोजायचो. साठ खुर्च्या भरल्या की सगळे खूश. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं की आत सगळं होतं तसंच असायचं. हार सुकलेले, भाषणं विरून गेलेली, कपाटात एकही नवी वस्तू नाही आणि नोंदवहीत एकही नवी ओळ नाही.

तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून बसले आहे: काल लोक येऊन गेले, तर आज संग्रहालयात जास्तीचं काय आहे? एखादी वस्तू असेल, एखादी आठवण असेल, जुन्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचं नाव कळलं असेल. यातलं काहीच नसेल, तर तो कार्यक्रम मंगल कार्यालयातही झाला असता. तुमच्या पेठेत, गावात किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत असं छोटं संग्रहालय असेल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल.

मोठ्या संग्रहालयांची गोष्ट वेगळी. २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली आणि लोक लांबलांबून पाहायला गेले. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. तिथं वस्तू माणसांना ओढून आणते. आपल्याकडे माणूसच पिशवीत वस्तू घालून येतो. म्हणून आपल्या कार्यक्रमाची सगळी तयारी त्या पिशवीवाल्या माणसासाठी करायची.

दोन महिने आधी: प्रश्न ठरवा

‘आपला वारसा’, ‘जुनं ते सोनं’ असे विषय ठेवू नका. असा विषय ऐकून माणूस फक्त मान डोलावतो, घरी जाऊन कपाट उघडत नाही. विषयाऐवजी एक प्रश्न ठरवा, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर प्रत्येक घरात असेल आणि ते हातात धरून आणता येईल.

आमचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रश्न होता: ‘पूर आला तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय माळ्यावर टाकलं?’

सांगलीत हा प्रश्न कुणालाही विचारा, माणूस थांबतो. २००५, २०१९, २०२१. नदीकाठच्या घरांनी सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. आमच्याकडे लहान पोरालाही फुटांची भाषा कळते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. पावसाळ्यात दुधवाल्यापासून शिक्षकांपर्यंत सगळे एकमेकांना ‘किती झालं?’ एवढंच विचारतात आणि समोरचा नुसता आकडा सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा सत्तावन्नापर्यंत गेला होता. त्या कार्यक्रमाला आम्ही ‘पाण्याची रेघ’ असं नाव दिलं. पुढची बहुतेक उदाहरणं त्यातलीच आहेत.

तुमच्या गावाचा प्रश्न वेगळा असेल. मिरजेत असाल तर तंतुवाद्यं आहेत. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं प्रश्न असा ठेवा: ‘तुमच्या घरात कोण गात होतं?’ वाद्य करणाऱ्या कारागिराला बोलावलंत, तर नारळ-शालीच्या जोडीला पाकिटात मानधन द्या. त्याचा दिवसभराचा रोजगार बुडतो. हे मी आग्रहाने सांगते, कारण कलेचं कौतुक करणारे आपण या एका गोष्टीत फार कमी पडतो. हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखालच्या त्या कोठारांचं २००५ च्या पुरात फार नुकसान झालं. तिथं पेवात उतरलेल्या हमालाला बोलतं करा. आणि ५ नोव्हेंबर, म्हणजे मराठी रंगभूमी दिन, सांगलीत कुणीही साजरा करू शकतो, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथंच. फक्त त्या दिवशी नाट्यगीतांचा कार्यक्रम नाट्यगृहांना करू द्या. तुम्ही विचारा, ‘गॅदरिंगमध्ये तुम्ही कोणतं काम केलं होतं? त्याचा फोटो आहे का?’

तारीख: पंचांग, परीक्षा आणि नदी

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून जगभर पाळतात. मे महिन्यात कोण येणार, असं आम्हालाही आधी वाटायचं. पण मेमध्ये लेकी माहेरी आलेल्या असतात, नातवंडं आजोळी असतात आणि दुपारभर त्यांना करायला काही नसतं. शिवाय पावसाला पंधरा-वीस दिवसच उरलेले असतात. पुराची आठवण आणि पुराची तयारी एकाच संध्याकाळी होते. हाच कार्यक्रम आम्ही जुलैत केला असता तर एकही माणूस आला नसता. नदी वाढत असताना लोकांना आठवणी सुचत नाहीत, त्यांचं लक्ष पाण्याकडे असतं.

तारीख ठरवताना पंचांगात लग्नाची दाट तिथी नाही ना बघा. गावभागात संकष्टीला गणपती मंदिराकडे गर्दी असते, तो दिवस सोडा. बाजाराचा दिवस सोडा. वेळ साडेचार ते साडेसहा ठेवा. बायकांना दुपारची झाकपाक करून निघता येतं आणि दिवेलागणीला घरी परतता येतं. सात वाजता ठेवलेल्या कार्यक्रमाला आमच्याकडे पुरुषच येतात, आणि घरातल्या वस्तूंची खरी माहिती त्यांच्याकडे नसते.

परवानगी आणि कायदा

चौकातल्या चौकात, माइकशिवाय पन्नास माणसं बसवणार असाल तर फार काही लागत नाही. तरी जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधं पत्र देऊन पोच घ्या. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर परवानगी लागतेच. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावता येत नाही. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं आणि रहिवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. मांडव रस्त्यावर येणार असेल तर महापालिकेचीही परवानगी घ्या. माझं मत विचाराल तर माइक नकोच. माइक आला की आजी गप्प बसतात आणि पुढारी बोलायला लागतात.

लोकांना वस्तू आणायला सांगता तेव्हा काय येईल याचा नेम नसतो, म्हणून चार गोष्टी आधीच ठरवून ठेवा. तलवार, कट्यार, ठासणीची बंदूक असं काही कुणी आणणार असेल तर पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय आणू नका, असं निमंत्रणातच लिहा. आपल्या भागात अशा वस्तू घराघरांत आहेत आणि लोक त्या सहज उचलून आणतात. दुसरी गोष्ट, पाया खणताना सापडलेली नाणी किंवा मडकं. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही तो ठेवून घेऊ नका, कळवायला मदत करा. तिसरी, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी लागते. घरमालकाला हे समजावून सांगा, घाबरवू नका.

चौथी गोष्ट कायद्याची नाही, शहाणपणाची आहे. वस्तूची किंमत कधीही सांगू नका. ‘ताई, याचे किती येतील?’ हा प्रश्न येतोच. एकदा का कुणी हौसेने आकडा बोलला की आठवड्याभरात भंगारवाला नाहीतर जुन्या वस्तूंचा दलाल त्या दारात उभा असतो.

मोडी कागदांचंही तसंच. मोडी वाचणारी व्यक्ती टेबलाशी बसवलीत तर गर्दी हटत नाही. पण निम्मे लोक वाटणीचे, हद्दीचे कागद घेऊन येतात. ते चारचौघांत मोठ्याने वाचायचे नाहीत. काय प्रकारचा कागद आहे, कोणत्या सालचा आहे, एवढं सांगायचं आणि बाकीचं त्या घरच्या माणसाला बाजूला बसवून सांगायचं. भावाभावांतली भांडणं आपल्या चौकात नकोत.

आठ दिवस आधी: निमंत्रण पिठाच्या गिरणीत

छापील पत्रिकेवर पैसे घालवू नका. आमच्याकडे सगळ्यात चांगलं निमंत्रण पिठाच्या गिरणीत लागतं. डबा लावून बायका तिथं पंधरा-वीस मिनिटं उभ्या असतात आणि वाचायला भिंतीशिवाय दुसरं काही नसतं. दूध डेअरी, रिक्षा थांबा, मंडळाचा फळा, रेशन दुकान या बाकीच्या जागा. हाताने लिहा, मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रश्न सगळ्यात वर लिहा. संग्रहालयाचं नाव खाली, बारीक चाललं तरी हरकत नाही.

व्हॉट्सअॅपवर मजकुराऐवजी एका वस्तूचा फोटो टाका. आम्ही चिखलाचा डाग पडलेल्या एका शाळेच्या दाखल्याचा फोटो टाकला होता. तासाभरात अकरा जणांनी आपापल्या घरातल्या डागाळलेल्या कागदांचे फोटो टाकले. त्यातले आठ जण कार्यक्रमाला आले.

गणेश मंडळाच्या पोरांना पहिल्या दिवसापासून धरा. सतरंज्या, पाण्याचे जार, खुर्च्या सगळं त्यांच्याकडे असतं. आणि पुराच्या वेळी होडीतून दूध आणि औषधं पोचवलेली असतात तीही याच पोरांनी. त्यांना कामाला नुसतं जुंपू नका, बोलायलाही बसवा.

ज्यांना चालवत नाही अशा चार-पाच घरी स्वतः जा. तिथली वस्तू तुम्ही आणा आणि तुम्हीच परत पोचवा. सगळ्यात वयस्क माणसं घरातच राहिली तर सगळ्यात जुन्या गोष्टीही घरातच राहतात.

आदल्या संध्याकाळी: खोली लावणं

खोलीत किती माणसं मावतात हे मोजून ठेवा. आमच्या सोप्यात वीस. एकविसावा माणूस आला की कुणाचा तरी कोपर काचेला लागतो. म्हणून बसायची जागा चौकात आणि आत एका वेळी पंधराच. गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेल्या वस्तू उचलून वर ठेवा, लहान मुलं तिथंच पोचतात. उंबऱ्याला एक फळी टाका म्हणजे व्हीलचेअर आणि म्हातारी माणसं दोन्हींची सोय होते. पाठ टेकता येईल अशा निदान दहा खुर्च्या हव्यात. स्वच्छतागृह कुठं आहे ते कागदावर बाण काढून लावा. बायका विचारायला संकोचतात आणि अर्ध्यातून उठून जातात.

चहा, चिवडा, लाडू सगळं चौकाच्या पलीकडे. दालनात एक कणही नको. पडलेल्या चुऱ्यावर मुंग्या येतात, झुरळं येतात आणि मग कपड्याला, कागदाला कसर लागते. दीपप्रज्वलन करायचंच असेल तर समई चौकात मांडा. जुन्या कागदांच्या खोलीत उघडी ज्योत नको, याबाबतीत कुणाचंही मन राखू नका.

उजेडाकडे लक्ष द्या. जुना कागद आणि कापड यांना ५० लक्सपेक्षा जास्त उजेड सोसत नाही, म्हणजे डोळे सरावायला क्षणभर लागेल इतका मंद उजेड. मोबाईलवरच्या उजेड मोजणाऱ्या अॅपने अंदाज येतो. फ्लॅश बंद, खिडकीला जुन्या पांढऱ्या साडीचा पडदा.

आणि घरोघरी आधीच निरोप द्या की भांडी घासून आणू नका. हे विसरलात तर लोक प्रेमाने चिंच-मीठ लावून तांब्या-पितळ लखलखीत करून आणतात. त्यात वरचा थर जातो, कोरलेली अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे.

पावतीचं टेबल

सगळ्या कार्यक्रमात एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करा.

आमच्या पहिल्या वर्षी पावती नव्हती. दोन घरच्या तांब्याच्या घागरी, एकसारख्या, एकाच आकाराच्या. निघताना घाईत अदलाबदल झाली. एका घागरीच्या काठावर बारीक टिंबांनी नाव घातलेलं होतं, ते आम्ही पाहिलंच नव्हतं. आठ दिवस दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि दोन्ही घरांचं आमच्याशीही. घागरी परत जागच्या जागी गेल्या, पण त्यातलं एक घर पुढची दोन वर्षं आमच्याकडे फिरकलं नाही.

आता दारातून आत आल्या आल्या टेबल. दोन माणसं, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा. दोन प्रतींची पावती: वस्तू काय, कुणाच्या घरची, आत्ता तिची अवस्था कशी आहे (‘कान तुटका’, ‘तळाला पोचा’), कशासाठी आणली आणि परत कधी. ‘कशासाठी’च्या पुढे तीन चौकटी: फक्त आजच्यापुरती, काही महिन्यांसाठी ठेवायला, कायमची देणगी. कायमची देणगी त्या दिवशी घेऊ नका. कार्यक्रमाच्या भरात माणूस देऊन टाकतो आणि रात्री घरात वाद होतो. पंधरा दिवसांनी घरी जा, घरातल्या दोघांच्या सह्या घ्या, मग वस्तू आणा.

प्रत्येक वस्तूला नंबर द्या. आम्ही साल, कार्यक्रम आणि वस्तू असे तीन आकडे टिंबाने जोडतो: २०२३.२.१४ म्हणजे २०२३ मधल्या दुसऱ्या कार्यक्रमातली चौदावी वस्तू. नंबर पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने सैल बांधायचा. चिकटपट्टी नको, स्टेपलर नको, रबर बँड तर अजिबात नको. कागदावर लिहायचंच तर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. कागद हाताळताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोज्यांनी कागदाची कड नीट जाणवत नाही आणि तो फाटतो. धातूच्या वस्तूंना मात्र हातमोजे घाला, घामाचे ठसे त्यावर कायमचे राहतात.

भांड्यावरचं नाव वाचायला शिका. आपल्याकडे लग्नात, डोहाळजेवणाला, मुंजीला दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. हातोडी आणि बारीक छिन्नीने टिंबं टिंबं करत कारागीर अक्षरं काढायचा. एका आजींनी आणलेल्या पितळी डब्याच्या झाकणावर मी भिंग धरून वाचलं: ‘आत्याकडून सप्रेम भेट, ता. १४-५-६१’. देणाऱ्याचं नातं आणि तारीख, दोन्ही एका ओळीत. ‘सप्रेम’मधल्या ‘प्रे’ची मात्रा झाकणाच्या कडेवरून खाली घसरलेली, कारण कारागिराला जागा पुरली नव्हती. असली भांडी हजारोंनी मोडीत गेली. ज्या घरात अजून आहेत तिथं निदान नावांची नक्कल उतरवून घ्या. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली की अक्षरं उमटतात. मुलांना हे काम इतकं आवडतं की त्यांना घरी पाठवायला त्यांच्या आयांना आत यावं लागतं.

बोलतं करणं

माजघरात एक कोपरा रेकॉर्डिंगसाठी ठेवा. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. आधी लेखी संमती घ्या: हे रेकॉर्डिंग कुठं वापरायचं, नाव लावायचं की नाही. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका.

पुराचा अनुभव सांगा, असं म्हणालात तर माणूस टीव्हीवर ऐकलेली वाक्यं बोलतो. वस्तू त्याच्या मांडीवर द्या आणि तिच्याबद्दलच विचारा. ही कुठल्या फळीवर होती? पाणी आलं तेव्हा घरात कोण होतं? तुम्ही होडीत बसताना हातात काय होतं? बायकांना माहेरचं गाव विचारा, अर्ध्या वस्तू तिथूनच आलेल्या असतात. आणि गप्प बसायला शिका. माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. कुणी रडायला लागलं तर रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या. पुन्हा सुरू करायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

प्रत्यक्ष दोन तास

भाषण एकच, पाच मिनिटांचं, तेही उभ्याउभ्या. सत्कार नाही. पहिला तास पावती, बघणं, गप्पा. दुसऱ्या तासात सगळ्यांनी मिळून करायचं असं एक काम हवं, नाहीतर लोक चहा पिऊन निघतात.

आम्ही चौकात आठ फुटी बांबू उभा केला होता. जुन्या भिंतीला खिळे ठोकायचे नव्हते, चुन्याचा गिलावा निघतो. प्रत्येक घराने आपल्या घरात पाणी किती चढलं त्या उंचीवर जुन्या साडीची चिंधी बांधायची: २००५ ची पांढरी, २०१९ ची निळी, २०२१ ची पिवळी. चिंधीला गल्लीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. घराचं नाव नाही, फक्त गल्ली. पण फूट कुणालाच सांगता येईना. लोक सांगत होते, ‘देव्हाऱ्याच्या फळीएवढं’, ‘स्विचच्या बोर्डाला टेकलं होतं’, ‘माझ्या छातीपर्यंत, पण तेव्हा मी सातवीत होतो’. मग शाळेतल्या पोरांच्या हातात टेप दिली आणि जवळच्या घरी पिटाळलं. देव्हाऱ्याची फळी मोजून पोरं धावत येत होती. अर्ध्या तासात बांबू चिंध्यांनी भरला. एकाच गल्लीतल्या दोन टोकांच्या निळ्या चिंध्यांत दीड फुटाचा फरक निघाला आणि गल्लीला उतार आहे हे तिथं चाळीस वर्षं राहणाऱ्यांनाही तेव्हा कळलं.

शेवटची वीस मिनिटं घरी उपयोगी पडेल असं काही शिकवा. आम्ही भिजलेले कागद कसे वाचवायचे ते करून दाखवलं. ओला कागद उन्हात घालायचा नाही, सावलीत पंख्याच्या वाऱ्याला पसरायचा, खाली टीपकागद किंवा न छापलेला कोरा कागद. दोन दिवसांच्या आत सुकायला हवा, नाहीतर बुरशी धरते. गठ्ठा मोठा असेल आणि तेवढ्यात सुकवणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि नंतर थोडा थोडा सुकवायचा. चिखल लागलेला फोटो बोटाने चोळायचा नाही, गार स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून, कोपऱ्याला चिमटा लावून टांगायचा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. जाताना प्रत्येकाला झिपची एक मोठी पिशवी दिली: दाखले, सातबारा, पासबुक आणि एक जुना फोटो त्यात घालून पाऊस लागायच्या आधी माळ्यावर ठेवा, म्हणून. त्या कार्यक्रमात आमचा सगळ्यात मोठा खर्च त्या पिशव्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी आणि पुढचा महिना

दुसऱ्या दिवशी सकाळी पावत्यांची प्रत आणि वस्तू जुळवा. परत द्यायच्या वस्तू त्याच आठवड्यात पोचवा, सही घ्या. रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा आणि त्या घराला पेनड्राइव्हवर एक प्रत नेऊन द्या. आजोबांचा आवाज आधी घरचा आहे, मग संग्रहालयाचा.

महिन्याच्या आत दालनात काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे. लोक बघायला येतात, आपण दिलेलं कुठं लावलंय ते शोधतात. चिठ्ठी चाळीस-पन्नास शब्दांची, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. पहिला महिना ती साध्या कागदावर ठेवा, पक्की छापू नका.

त्या पितळी डब्याची पहिली चिठ्ठी मी अशी लावली होती: ‘पितळी डबा, १९६१. आत्याने दिलेली लग्नातली भेट. २०१९ च्या पुरात चार दिवस पाण्यात होता. आत मेथी होती, तिला मोड आले होते.’ आजी दहा-बारा दिवसांनी नातीचा हात धरून आल्या. चिठ्ठी नातीने वाचून दाखवली. आजी म्हणाल्या, “मेथी न्हवं गं. अळीव. धाकट्या सुनेच्या बाळंतपणासाठी आणून ठेवले होते. ही तेव्हा पोटात होती.”

मी टेबलावरून पेन्सिल आणली, ‘मेथी’ खोडलं आणि पुढचं नातीला लिहायला सांगितलं.